वलगणीचा मासा कोणाचा निरोप ऐकतो? मेंदूतली पेप्टाइडं, पिट्युटरी आणि रोहूचं इंजेक्शन

लांज्याजवळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या वडिलांबरोबर शेततळ्याच्या कडेला छोटं मत्स्यबीज केंद्र चालवतात. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी रोहूच्या सहा माद्यांना बाजारात मिळणारं तयार इंजेक्शन दिलं. चार माद्यांनी पहाटेपर्यंत अंडी सोडली. उरलेल्या दोघींचं पोट फुगून टणक झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मेल्या. गणपतीनंतर पुन्हा चार माद्यांना तेच औषध, तोच डोस दिला, तर एकीनेही अंडं दिलं नाही. त्यांनी विचारलं आहे: वडिलांच्या वेळी माशाच्या डोक्यातल्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क दोनदा टोचावा लागे, आता एकदाच टोचून कसं भागतं? हे औषध ‘मेंदूतलं’ असं म्हणतात, तर ते माशाच्या अंगात जाऊन नेमकं काय करतं? आणि अंडी येत नसतील तर डोस वाढवावा का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सगळ्यात तातडीचं आहे. डोस वाढवू नका. का नको, ते कळायला मात्र आधीचे दोन प्रश्न सोडवावे लागतील आणि त्यासाठी थोडं सावकाश जावं लागेल.

तुम्ही लांज्याकडच्या, म्हणजे वलगण तुम्हाला सांगायला नको. मृगाचा पहिला दणकट पाऊस पडतो, पऱ्ह्याला तांबडं पाणी येतं आणि रातोरात मळये, शेंगटी, खवळ पाण्याच्या उलट चढून भाताच्या कुणग्यांत शिरतात. माणसं बॅटऱ्या घेऊन धावतात. पकडलेल्या मादीचं पोट चिरलं की आत गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी. लहानपणी मला वाटायचं, पावसानेच गाभोळी तयार होते. तसं नसतं. गाभोळी उन्हाळाभर भरत आलेली असते. पाऊस, गढूळ पाणी, वाढलेली धार, पाण्याचा बदललेला वास हे सगळं मिळून तिला शेवटचा निरोप देतं, आणि तो निरोप थेट गाभोळीला जात नाही. आधी तो मेंदूत जातो. मेंदू तो पिट्युटरीला कळवतो, पिट्युटरी तो रक्तातून गाभोळीपर्यंत पोचवते.

रोहूही मूळचा नदीचा. पुराच्या पाण्याबरोबर काठाच्या उथळात जाऊन अंडी घालणारा. शेततळ्यात त्याला खायला मिळतं, ऊन मिळतं, गाभोळी नीट भरते, पण साचलेल्या पाण्यात तो शेवटचा निरोप येतच नाही. इंजेक्शन देऊन आपण त्या निरोपाची मधली एक कडी हाताने जोडतो. कुठली कडी जोडतो, एवढाच तुमच्या पद्धतीत आणि वडिलांच्या पद्धतीत फरक आहे.

आता आत काय आहे ते पाहू. मेंदूच्या बुडाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो आणि त्याच्या खाली, कवटीच्या छोट्या खोबणीत, पिट्युटरी. दोन किलोच्या रोहूत ती मोहरीहून जराशी मोठी. वडिलांनी अशा कितीतरी ग्रंथी चिमट्याने काढल्या असतील, त्यांना विचारा. एवढ्याशा ग्रंथीत वेगवेगळ्या पेशींचे गट असतात. कुणी वाढीचं हार्मोन साठवतं, कुणी प्रोलॅक्टिन, कुणी थायरॉइडला चालना देणारं, कुणी ताणाच्या वेळी लागणारं, आणि दोन गट प्रजननाचे: एफएसएच आणि एलएच. पहिलं महिनोन्‌महिने अंड्यात पिवळं भरण्याच्या कामाला लागतं, दुसरं शेवटच्या रात्रीचं. या सगळ्या पेशी माल तयार करून बारीक कणांत भरून ठेवतात. तो केव्हा आणि किती सोडायचा, हे बऱ्याच अंशी वरून येणाऱ्या रसायनांवर ठरतं.

ती रसायनं बहुतेक पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या. थायरॉइडसाठीचं टीआरएच अवघ्या तीन अमिनो आम्लांचं. प्रजननासाठीचं जीएनआरएच दहांचं. वाढीचं हार्मोन रोखून धरणारं सोमॅटोस्टॅटिन चौदांचं. ताणाच्या वेळी सुटणारं सीआरएच एक्केचाळीसांचं. ही यादी पाठ करण्यासाठी देत नाही. चालना देणारं आणि रोखणारं अशी दोन्ही प्रकारची रसायनं मेंदूच पाठवतो, हे लक्षात राहावं म्हणून देतो. पुढे तुमच्या मेलेल्या दोन माद्यांपर्यंत पोचायला ते लागणार आहे.

हे सगळं शोधून काढायला माणसांनी केलेले कष्ट आठवले की मला आजही भरून येतं. मेंदू आणि पिट्युटरी यांना जोडणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून काहीतरी रसायन खाली उतरतं, हे इंग्लंडमधल्या जेफ्री हॅरिस यांनी १९४० आणि ५०च्या दशकांत प्रयोगांनी दाखवलं. पण ते रसायन कोणतं? अमेरिकेत रॉजर गिलमाँ यांनी खाटीकखान्यांतून मेंढ्यांच्या, तर अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या मेंदूचे लाखो तुकडे गोळा केले आणि वर्षानुवर्षं गाळत, शुद्ध करत गेले. लाखो मेंदूंतून हाती लागायचं ते मिलिग्रॅमभर. १९६९मध्ये टीआरएचची रचना कळली, १९७१मध्ये जीएनआरएचची. १९७७चं वैद्यकाचं अर्धं नोबेल या दोघांना मिळालं. त्याच वर्षी उरलेलं अर्धं पारितोषिक रोझलिन यॅलो यांना मिळालं, कारण रक्तातलं इतकं सूक्ष्म हार्मोन मोजण्याची पद्धत त्यांनी उभी केली होती. तुमच्या हातातल्या बाटलीचं मूळ तिथे आहे.

माशांत एक फरक आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. गाय, शेळी, माणूस यांच्यात पेप्टाइड रक्तवाहिनीतून खाली उतरतं. रोहूसारख्या हाडाच्या माशांत मात्र मेंदूतल्या चेतापेशींचे तंतू थेट पिट्युटरीच्या आत घुसलेले असतात आणि पेशींच्या अगदी अंगाला जाऊन पेप्टाइड सोडतात. म्हणजे माशाच्या मेंदूचा हात पिट्युटरीवर जास्त जवळून असतो, चालना द्यायलाही आणि रोखायलाही.

आता वडिलांची पद्धत. पकडलेल्या पिकल्या माशांच्या पिट्युटरी काढून निर्जल अल्कोहोलमध्ये ठेवायच्या, वेळेला खलात घोटून पाण्यात अर्क काढायचा आणि मादीला टोचायचा. भारतात गोड्या पाण्यातल्या कार्प माशांवर हे पहिल्यांदा यशस्वी झालं ते १० जुलै १९५७ रोजी, ओडिशातल्या अंगुल इथे, हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून. १० जुलै हा आपण मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतो तो त्यासाठी. त्याआधी रोहू-कटला पाळायचा तर नदीतून बी गोळा करून आणावं लागे, त्यात नको ते मासेही येत. कोकणात आज शेततळ्यांत जी बोटुकली सोडली जाते, तिच्यामागे ती एक रात्र आहे.

पण त्या पद्धतीत आपण मादीच्या मेंदूला आणि तिच्या पिट्युटरीला, दोघांनाही बाजूला सारतो. दुसऱ्या माशाच्या ग्रंथीतलं तयार एलएच उसनं घेऊन थेट हिच्या गाभोळीला देतो. नेहमीचा हिशोब असा: मादीला पहिल्यांदा किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम ग्रंथी, सहा तासांनी पुन्हा ५ ते ८ मिलिग्रॅम, आणि नराला त्या दुसऱ्या वेळेला एकदाच २ ते ३ मिलिग्रॅम. पहिल्या टोचणीने अंडी तयारीला लागायची, दुसरीने सुटायची. उसनं आणलेलं हार्मोन रक्तातून काही तासांत ओसरतं, म्हणून दोनदा टोचणं भाग होतं.

खरी अडचण वेगळीच होती. ग्रंथी वजनाने मोजता येते, तिच्यातलं एलएच मोजता येत नाही. मी शिकाऊ असताना एका हिवाळ्यात बाजारातल्या बर्फातल्या माशांच्या डोक्यांतून मोठ्या उत्साहाने ग्रंथी जमवल्या होत्या. जूनमध्ये त्याच वापरल्या. वजन काटेकोर, घोटणं काटेकोर, माद्या सुरेख, पण पहाटे हौदात एक अंडं नव्हतं. थंडीतल्या, रिकाम्या झालेल्या माशांच्या ग्रंथींत एलएचचा साठाच फार थोडा होता. पावसाच्या तोंडावर पिकलेल्या माशाची ग्रंथी आणि ती ग्रंथी, वजन सारखं, पण ऐवज निराळा. त्या पहाटे मला जे कळलं, तेच तुमच्या गणपतीनंतरच्या चार माद्यांच्या प्रश्नाचंही अर्धं उत्तर आहे.

आता तुमची बाटली. या तयार इंजेक्शनांत बहुधा दोन गोष्टी असतात. जुन्या आणि नावाजलेल्या ‘ओव्हाप्रिम’चं उदाहरण घेतो: एका मिलीत सामन माशाच्या जीएनआरएचचं बदललेलं रूप २० मायक्रोग्रॅम आणि डॉमपेरिडोन १० मिलिग्रॅम. रोहूच्या मादीला किलोमागे ०.३ ते ०.४ मिली, कटलाला ०.४ ते ०.५ आणि नरांना ०.१ ते ०.२ असा डोस रूढ आहे. दोन किलोच्या रोहूला ०.८ मिली धरा. त्यात पेप्टाइड अवघं १६ मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे साठ हजार भाग केले तर त्यातला एक. वडिलांना तेवढ्याच मादीला १४ ते २२ मिलिग्रॅम ग्रंथी घोटावी लागे. आता इतक्या थोड्यात का भागतं? कारण हे पेप्टाइड स्वतः गाभोळीचं काम करतच नाही. ते फक्त मादीच्या स्वतःच्या पिट्युटरीला ‘सोड’ म्हणून सांगतं. पेप्टाइड एलएचच्या पेशीवरच्या ग्राहकाला (निरोप घेणाऱ्या रेणूला, इंग्रजीत रिसेप्टर) चिकटतं, पेशीत कॅल्शियम वाढतं, साठवलेले कण पेशीच्या कडेला येऊन बाहेर रिकामे होतात. काम करतं ते मादीचं स्वतःचं एलएच, ताजं, तिच्या जातीचं आणि तासन्‌तास हळूहळू सुटणारं. म्हणून एकदा टोचून पुरतं.

तासन्‌तास टिकण्यामागे आणखी एक युक्ती आहे. निसर्गातलं जीएनआरएच रक्तात काही मिनिटांतच तुटतं, कारण विकरं (एन्झाइम) त्याची साखळी सहाव्या अमिनो आम्लाजवळ कापतात. प्रयोगशाळेत ते सहावं आम्ल बदलून तिथे आरशातल्या प्रतिमेसारखं उलटं रूप बसवतात, शेवटच्या टोकालाही फेरफार करतात. विकराच्या कात्रीला ती जागा मग नीट धरता येत नाही. शिवाय हे बदललेलं रूप ग्राहकाला जास्त घट्ट बसतं.

मग डॉमपेरिडोन कशाला? माणसाला ओकारी थांबावी म्हणून देतात तेच हे औषध. इथेच या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८०च्या दशकात कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात रिचर्ड पीटर आणि त्यांचे सहकारी गोल्डफिशवर काम करत होते. गोल्डफिश म्हणजे कार्पच्याच कुळातला. नुसतं जीएनआरएच दिलं तर एलएच थोडंसंच वाढायचं आणि मादी अंडी सोडायचीच असं नाही. मेंदूतला एक ठरावीक भाग निकामी केला तर मात्र एलएच आपोआप उसळायचं. म्हणजे मेंदू नुसती चालना देत नव्हता, तो सतत रोखूनही धरत होता. रोखणारं रसायन निघालं डोपामाइन. ते पेप्टाइड नव्हे, एकाच अमिनो आम्लापासून बनलेलं साधं छोटं रसायन. त्याचे तंतू थेट पिट्युटरीत जातात आणि एलएचच्या पेशींना दाबून ठेवतात, शिवाय जीएनआरएच सुटण्यावरही दाब ठेवतात. डॉमपेरिडोन डोपामाइनची जागा अडवतं. ते मेंदूत सहज शिरत नाही, पण पिट्युटरीपर्यंत पोचतं, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. चीनमधले लिन हाओरान आणि पीटर यांनी मिळून ही जोडी तळ्यांतल्या माशांवर आणली, म्हणून तिला दोघांच्या नावांवरून ‘लिनपे’ पद्धत म्हणतात.

खारभूमीच्या बांधाची उघाडी पाहिली असेल तुम्ही. आत पावसाचं पाणी साचलंय, बाहेर ओहोटी लागलीय. झडप उचलायला माणूस आला तरी दुसरा तिच्यावर उभा असेल तर ती उघडणार नाही. जीएनआरएच हा झडप उचलणारा आणि डोपामाइन तिच्यावर उभा असलेला. डॉमपेरिडोन त्या दुसऱ्याला खाली उतरवतं. आणि आत पाणीच साचलेलं नसेल, तर दोघांचं काहीही केलंत तरी उघाडीतून काय वाहणार? गणपतीनंतर तुमच्याकडे काही अंशी हेच झालं असावं.

या डोपामाइनच्या पकडीबद्दल थोडं अधिक लिहितो, कारण आपल्याच किनाऱ्यावर तीन मासे तीन तऱ्हेने वागतात. रोहूत पकड आहे, पण गाभोळी भरू देण्याइतकी ढिली, शेवटच्या टप्प्यावरच आवळणारी. खाडीतला बोय घ्या. तो अंडी घालायला समुद्रात जातो. बंदिस्त पाण्यात ठेवला तर त्याच्यावर डोपामाइनची पकड इतकी जबर असते की अंड्यांची वाढ मध्येच खुंटते. तिथे नुसतं जीएनआरएच पुरत नाही, डोपामाइन अडवणारं औषध बरोबर द्यावंच लागतं. आणि जिताडा? अलिबाग-पेणकडच्या खाजणातल्या तळ्यांत ज्याची एवढी मिजास, त्याच्यात ही पकड जवळजवळ नाहीच. चेन्नईच्या खाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७मध्ये जिताड्याचं बंदिस्त प्रजनन यशस्वी केलं, तेव्हापासून तिथे मादीला किलोमागे ६० ते ७० मायक्रोग्रॅम जीएनआरएचचं बदललेलं रूप एकटंच देतात आणि तीस ते छत्तीस तासांत ती अंडी सोडते. डॉमपेरिडोनची गरज पडत नाही. म्हणून कुणी सांगितलं की अमक्या माशाला हे लागू पडलं म्हणजे तमक्यालाही पडेल, तर ऐकू नका. मेंदूची भाषा तीच असली तरी प्रत्येक जातीत रोखणारे आणि सोडणारे यांचा तोल निराळा असतो.

गाईचंही सांगतो, कारण तुमच्या गोठ्यात डॉक्टर जे इंजेक्शन देतात ते याच कुळातलं. माजावर न येणाऱ्या गाईला ठरलेल्या दिवसांच्या हिशोबाने देतात: पहिल्या दिवशी जीएनआरएच, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि दुसऱ्या दिवशी रेतन. त्यातलं एक नेहमीचं औषध बुसेरेलिन, साडेतीनशे किलोच्या गाईला अवघे १० मायक्रोग्रॅम. दोन किलोच्या रोहूला १६ आणि एवढ्या मोठ्या गाईला १०! औषधाचं रूप निराळं, ग्राहकाचा आकार निराळा, आणि गाईत एलएचवर डोपामाइनची तशी पकड नाही. सस्तन प्राण्यांत डोपामाइन मुख्यतः प्रोलॅक्टिनला दाबतं. म्हणूनच डॉमपेरिडोन घेणाऱ्या काही बायकांना अवेळी दूध येतं. एकच रसायन, माशात त्याचा हात एलएचवर, माणसात प्रोलॅक्टिनवर.

यावरून एक पेप्टाइड म्हणजे एकच काम असं समजू नका. गोल्डफिशमध्ये जीएनआरएच दिलं की एलएचबरोबर वाढीचं हार्मोनही सुटतं. आणि जीएनआरएचलाही वरून कुणीतरी हाकतं. उंदीर, मेंढी, माणूस यांच्यात ते काम किसपेप्टिन नावाचं पेप्टाइड करतं. त्याचा ग्राहक बिघडला तर माणूस वयातच येत नाही, हे २००३मध्ये कळलं. जपानमध्ये काझुयोशी त्सुत्सुई यांच्या गटाने २०००मध्ये लाव्या पक्ष्यात उलटं, एलएच-एफएसएच रोखणारं पेप्टाइड शोधलं. माशांत हे चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. झेब्राफिशमधून किसपेप्टिनची जनुकं काढून टाकली तरी ते मासे पिल्लं देतात. माझं मत असं की पाण्यातल्या या जिवांनी एकाच दोरीवर सगळा भार ठेवलेला नाही, आणि आपल्या माद्यांकडे पाहताना ते ध्यानात ठेवायला हवं.

कोळंबीचं विचारणारे पुष्कळ भेटतात, म्हणून दोन ओळी. कोळंबीला पिट्युटरी नसते. तिच्या डोळ्याच्या देठात पेप्टाइड साठवणारी ग्रंथी असते आणि तिच्यातलं एक पेप्टाइड गाभोळी रोखतं. बीज केंद्रांत मादीचा एक डोळा दाबून टाकतात तो त्यामुळे. रोखणाराच काढला की गाभोळी भरते. मला ते करताना कधीच बरं वाटलं नाही, आणि डोळा न काढता काम होणाऱ्या पद्धती रुजाव्यात असं मनापासून वाटतं.

आता तुमच्या माद्या. गणपतीनंतरच्या चार आधी घेतो, त्या सोप्या आहेत. रोहूचा हंगाम जून ते ऑगस्ट. हंगाम टळला आणि अंडी सुटली नाहीत की मादी ती पिवळं शोषून परत अंगात घेते. पोट बाहेरून मऊ लागतं, आपण फसतो. आतली अंडी मेलेली असतात. इंजेक्शनने एलएच सुटलंही असेल, पण ते ज्यांना उद्देशून सुटलं ती अंडीच उरली नव्हती. तिथे दुप्पट डोस दिला असतात तरी पहाटे हौद रिकामाच राहिला असता.

जूनमधल्या दोघींचं जास्त वाईट वाटतं, कारण त्या वाचल्या असत्या. पोट फुगून टणक झालं याचा अर्थ एलएच पोचलं होतं. अंड्यांनी पाणी शोषायला सुरुवात केली होती, पण सगळी अंडी एका तयारीची नव्हती. काही सुटली, काही चिकटून राहिली, वाट अडली. अशा मादीला दुसरं इंजेक्शन दिलं तर आणखी अंडी पाणी पितात आणि ती आणखी लवकर मरते. म्हणूनच सुरुवातीला ‘वाढवू नका’ म्हणालो.

हे आधी ओळखायचा एक खात्रीचा मार्ग आहे आणि तुमच्यासारख्या छोट्या केंद्रालाही तो परवडतो. मऊ बारीक नळीने मादीच्या वाटेतून थोडी अंडी काढा. अल्कोहोल, फॉर्मॅलिन आणि ॲसिटिक आम्ल ६:३:१ अशा प्रमाणात मिसळून त्यात ती काही मिनिटं ठेवा, अंडं पारदर्शक होतं. भिंगाखाली आतला केंद्रक दिसतो. तो अगदी मध्यभागी असेल तर मादी अजून तयार नाही. तो एका कडेकडे सरकलेला असेल, निदान बहुतेक अंड्यांत, तर तिला एलएचचा शेवटचा धक्काच हवा आहे. त्या धक्क्याने गाभोळीतल्या पेशी एक विशेष स्टेरॉइड बनवतात, त्याने केंद्रक विरघळतो आणि अंडं सुटतं. सामनच्या कुळातल्या एका माशात हे स्टेरॉइड जपानमधले योशिताका नागाहामा यांनी १९८५मध्ये ओळखलं. नुसतं पोट दाबून आणि गुदद्वाराची लाली पाहून मी कित्येक वर्षं निवड केली, बरीच बरोबरही आली, पण नळी आणि भिंग हाती आल्यावर माझ्याकडे अडकून मरणाऱ्या माद्या फारच थोड्या राहिल्या.

दुसरं कारण ताणाचं असू शकतं. मघाशी सांगितलेलं सीआरएच आठवा. जाळ्यात आवळलं, कोरड्या हातात धरलं, वजनकाट्यावर तडफडू दिलं की माशाचा मेंदू सीआरएच सोडतो. पिट्युटरी एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते, मग रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढतं. हे सगळं प्रजननाच्या निरोपाला आड येतं. एकाच मोहरीएवढ्या ग्रंथीकडे आपण एकीकडून ‘अंडी सोड’ आणि दुसरीकडून ‘जीव वाचव’ असे दोन निरोप पाठवतो. मादी आदल्या दिवशीपासून उपाशी ठेवा, पाण्यातच सुती झोळीत घ्या, वजन झोळीसकट करा, टोचणी संध्याकाळी उन्हं उतरल्यावर द्या. दोन माणसं पुरेत. चार माणसं असली की गडबड होते.

तिसरं, पाणी. लांजा-राजापूरकडे जूनअखेर पऱ्ह्याचं पाणी थेट हौदात घेतात आणि ते फार गार असतं. २६ ते ३० अंशांच्या दरम्यान रोहू इंजेक्शननंतर साधारण आठ ते बारा तासांत अंडी देतो. पाणी त्याखाली गेलं की सगळं लांबतं, काही अंडी पिकतात, काही मागे राहतात. एकदा टाकीत साठवून थोडं उबदार होऊ दिलेलं पाणी वापरून बघा.

डोस वाढवण्याबद्दल शेवटचं. अर्नस्ट नोबिल यांच्या गटाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस ऱ्हीसस माकडांवर दाखवलं की जीएनआरएच तासाला एकदा, थांबून थांबून दिलं तर पिट्युटरी नीट काम करते, पण तेच सलग, अखंड देत राहिलं तर ती ऐकेनाशी होते आणि एलएच उतरतं. कुत्र्यांत प्रजनन तात्पुरतं थांबवण्यासाठी कातडीखाली जे रोपण बसवतात त्यात जीएनआरएचचंच बदललेलं रूप असतं, सतत पाझरणारं. एका टोचणीने रोहूची पिट्युटरी अशी बंद पडत नाही, ते मान्य. पण ग्राहक एकदा भरले की वरचं औषध वायाच जातं, आणि पुन्हापुन्हा टोचून त्या पेशींना बधिर करण्यात काय हशील?

वडिलांच्या अल्कोहोलातल्या जुन्या ग्रंथी फेकून द्याव्यात का, असंही तुम्ही विचारलं होतं म्हणून लिहितो. बाटली घट्ट बंद, अंधारात, फ्रीजमध्ये असेल आणि ग्रंथी पावसाच्या तोंडावरच्या पिकल्या माशांच्या असतील, तर दोनेक वर्षं त्या उपयोगी पडतात. त्याहून जुन्या असतील तर त्यांच्यावर मादी पणाला लावू नका.

पुढच्या मृगाआधी मला चार गोष्टी वहीत लिहून कळवा: टोचणीच्या वेळचं पाण्याचं तापमान, प्रत्येक मादीचं वजन आणि दिलेले मिली, अंडी दिसली ती वेळ, आणि नळीने काढलेल्या अंड्यांत दहापैकी किती अंड्यांचा केंद्रक कडेला होता. तो शेवटचा आकडा सातच्या खाली असेल, तर त्या दिवशी टोचू नका, आठवड्याने पुन्हा बघा.